मुंडक्याच्या गेमची वही

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या थंडीत, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या बाजारी, सोनपेठेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ गेमची मशीन बसली. पुढच्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या आधी चार दिवस, ती बंद झाली. बंद करत असल्याचं आईने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. मशीनमध्ये बिघाड नव्हता आणि गिऱ्हाईकही कमी झालं नव्हतं. ती का बंद झाली याच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी गावात पुढे सांगितल्या जात. तिन्ही मी ऐकल्या आहेत. त्या वर्षी मी बारावीला होते, सतरा वर्षांची, आणि मशीनजवळची वही माझ्या हातात होती. त्या वहीत होतं ते आणि मी समोर उभी राहून पाहिलं ते, एवढंच इथे लिहिते आहे.

आमची पुढची खोली खरं तर कापसाची. वेचणी सुरू झाली की ती दारापासून आढ्यापर्यंत भरायची आणि कापूस विकला जाईपर्यंत घरातल्या प्रत्येकाच्या केसांत, पांघरुणात, वरणाच्या वाटीत पांढरे तंतू सापडायचे. त्या वर्षी पहिली वेचणी लवकर गेली आणि खोली अर्धी रिकामी झाली. माझा मोठा भाऊ दिलीप परभणीला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं काम शिकून आला होता. तिथल्या एका दुकानात धूळ खात पडलेली मशीन त्याने महिनाभर खपून चालू केली आणि एसटीच्या टपावर बांधून आणली. माणसाच्या छातीपर्यंत येणारी लाकडी पेटी, तिच्यात बसवलेला टीव्ही, खाली दोन दांड्या आणि प्रत्येक दांडीजवळ सहा बटणं. आमच्या वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. ते शेतातून आले, पेटीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, ह्याला चारा काय लागतो? दिलीप म्हणाला, लाईट. "मग उपाशीच मरंल," एवढं बोलून आबा हातपाय धुवायला गेले. आमच्याकडे तेव्हा दिवसातून दोनदा तरी लाईट जायची.

मशीन उपाशी मेली नाही. ती घरात आली आणि घराचे आवाज बदलले. तोवर आमची सकाळ म्हणजे समोरच्या पिठाच्या गिरणीची पुकपुक, आईच्या भाकरीचा काठवटीतला थापटा आणि स्टँडकडून येणारा पहिल्या गाडीचा हॉर्न. आता शाळा सुटली की स्टॅबिलायझरची घरघर सुरू व्हायची, पाठोपाठ मशीनची तीच ती किरटी धून, आणि तिच्यावर वीस-पंचवीस पोरांचा गलका. आई चुलीपुढे बसून येसराची आमटी ढवळता ढवळता ती धून गुणगुणायला लागली तेव्हा आबांनी ताट सरकवून तिच्याकडे पाहिलं. आईच्या ते लक्षातही आलं नाही. पोरं येताना खिशात शेंगा घेऊन यायची, त्यामुळे खोलीत एका बाजूला कापूस आणि दुसऱ्या बाजूला टरफलं. कापसाचे तंतू दांडीच्या फटीत जाऊन बसत आणि दर चार दिवसांनी दिलीप चिमट्याने ते उपसत बसे.

मशीनवर दोन गेम होते. एक मोटारीचा. दुसऱ्यात दोन माणसं एकमेकांना लाथाबुक्क्यांनी मारत आणि शेवटी जिंकणाऱ्याने योग्य बटणं योग्य क्रमाने दाबली तर हरणाऱ्याचं डोकं धडावेगळं होऊन पडद्याच्या तळाशी घरंगळत जायचं, मागे तांबड्या ठिपक्यांची रेघ. गेमचं खरं नाव इंग्रजीत होतं, ते कोणी घेतलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव पडलं मुंडकं. "दोन मुंडके द्या," असं म्हणत पोरं बंदा रुपया पुढे करत. आईने तो गेम आठव्या दिवशी पाहिला. पोरांच्या डोक्यांवरून तिने बराच वेळ पाहिलं आणि दिलीपला विचारलं, ते तांबडं काय सांडायलंय? दिलीप म्हणाला, पॉइंट हायत ते. आईने पदर खोचला आणि मशीनची पिन काढली.

आई सातवी पास होती आणि आमच्या घरी येणारं वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचत असे. तिचं म्हणणं साधं होतं. तंबूतल्या सिनेमाच्या पोस्टरवर सुद्धा फक्त प्रौढांसाठी असं लिहिलेलं असतं आणि दारावरचा माणूस पोरांना हाकलतो. मग आपल्या दारावर कोण आहे? अशा खेळांवर वयाचा शिक्का मारायची पद्धत तेव्हा आपल्याकडे नव्हती, निदान परभणी जिल्ह्यात कोणाला माहीत नव्हती. आईने ती स्वयंपाकघरात बसून तयार केली. तिचं म्हणणं अठरा, दिलीपचं बारा. अठरा धरलं तर गिऱ्हाईक म्हणून फक्त आबा उरतात, असं तो म्हणाला. आबांना विचारलं तर ते म्हणाले, ज्याला बैल जुपता येतो तो मोठा. दिलीपने हे लगेच उचलून धरलं, कारण गावातलं दहा वर्षांचं पोरही बैल जुपत होतं. दोन दिवस हुज्जत चालली. शेवटी सोळा ठरलं. मोटार कोणीही चालवावी, मुंडक्याला सोळा पूर्ण. आईने पुठ्ठ्यावर ते लिहिलं आणि मशीनच्या कपाळाला चिकटवलं.

नियम केला, पण वय मोजायचं कसं ते ठरवलं नव्हतं. दिलीपने दाराच्या चौकटीवर खडूने रेघ मारली: डोकं रेघेला लागलं की सोळा. दुसऱ्या दिवशी पोरं टाचेखाली शेंगांची टरफलं भरून आली. मग त्याने मिसरूड हा निकष लावला. त्याला पोरांनी तव्याची काजळी हे उत्तर शोधलं. एकाला शिंक आली आणि त्याची मिशी गालावर गेली. शेवटी आई म्हणाली, शाळेचा कागद आणा. शाळेतून पोरं जन्मतारखेचा उतारा आणायला लागली आणि मी ते उतारे वहीत उतरवून घ्यायला बसले. पंधरा उतारे झाले तेव्हा मी थांबले. पंधराच्या पंधरा पोरं एक जूनला जन्मली होती. पुढचे उतारेही तसेच. आमच्याकडे मूल शाळेत घालताना गुरुजी विचारत, केव्हाचं? घरचे सांगत, बाजरी निसवली होती तेव्हाचं. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं, आणि तारीख एक जून. माझ्या स्वतःच्या दाखल्यावरही एक जूनच आहे. मी त्याच तारखेला नोकरीतून निवृत्त होईन.

म्हणून मी वहीत रकाने वाढवले. नाव. कागदावरचं वय. सांगितलेलं वय. आणि चौथा रकाना: कोणी सांगितलं. कागद आणि सांगणं जुळत नसेल तर घरच्या मोठ्या माणसाने येऊन सांगायचं आणि सही किंवा अंगठा करायचा. हा चौथा रकाना मला कोणी शिकवला नव्हता. पुढे पंचवीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसले आणि प्रत्येक बातमीला पहिला प्रश्न तोच विचारला. परवा माझ्या भाचीच्या मुलाने मोबाइलवर एक गेम उतरवला. गेमने जन्मसाल विचारलं. त्याने बोटाने आकड्यांचं चाक फिरवलं, माझ्या जन्मसालाच्याही मागे नेऊन सोडलं आणि खेळायला लागला. तो नऊ वर्षांचा आहे.

जिजा रोज शाळा सुटल्यावर आमच्याकडे ताक न्यायला यायची. आमच्या मागच्या गल्लीत तिचे चुलते मारुतीराव राहत. तिचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला पश्चिमेकडे जात ते उन्हाळ्यातच परत येत. तेवढे महिने ती चुलत्याकडे. लहानपणी धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही फडावर नेत, त्यात तिची दोन वर्षं बुडाली होती आणि ती नववीत होती. हडकुळी, लांब हातांची, फारसं न बोलणारी पोरगी. ताकाचं भांडं कडेवर घेऊन ती मशीनसमोर उभी राही आणि इतरांचं खेळणं पाही. मग एक दिवस तिने भांडं खाली ठेवलं आणि मोटारीवर रुपया लावला. आठवडाभरात मोटारीत तिला हरवणारं कोणी उरलं नाही. दिलीप म्हणायचा, कापूस वेचणाऱ्या बाईचे दोन्ही हात वेगवेगळी कामं करतात, या पोरीचे तसे चालतात. मग तिने मुंडकं मागितलं. मी कागद मागितला. दुसऱ्या दिवशी तिने उतारा आणला. त्यावर सोळा पूर्ण होती. मी नाव लिहिलं. दहावीतला एक आडदांड पोरगा त्या दिवशी सलग चार वेळा हरला. चौथ्या खेपेला त्याचं मुंडकं घरंगळलं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "आता घरी कसा जाशील रं, बिनडोक्याचा?" जिजा हसली नाही. तिने ताकाचं भांडं उचललं आणि गेली.

ही बातमी मारुतीरावांपर्यंत पोचायला तीन दिवस लागले. ते आले तेव्हा दुपार होती. आमच्या ओट्यावर गावचे पोलीस पाटील माणिकराव पेपर वाचत बसले होते. ते रोजच बसत, कारण पेपर आमच्याकडे यायचा. मारुतीराव उंच, पांढऱ्या कपड्यातले, गावात मान असलेले गृहस्थ. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी आईला विचारलं, "वैनी, आमची पोरगी तुमच्या घरात मानसाची मुंडकी छाटायलीय म्हनं. चार पोरं भवताली उभी. ही काय रीत झाली?"

आईने त्यांना बसायला चटई टाकली आणि नियम सांगितला. सोळा पूर्ण. शाळेच्या कागदावर पोरगी सोळाची आहे.

"कागद खोटा हाय," मारुतीराव म्हणाले. "तिचे हात लांब. पाचव्या वर्षीच कान धरला तिनं. गुरुजीला काय कळतंय? आमच्या घरचं लेकरू, आमाला म्हाईत. लहान हाय ती. समज न्हाई आजून. असलं बगून उद्या तिला रातीची झोप लागायची न्हाई."

"मग खरं वय किती, भाऊजी?"

मारुतीरावांनी विचार केला. त्यांचं सांगणं मी तेव्हाच लिहून घेतलं, ते असं: आमच्या घराचं माळवद घातलं त्या साली, पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी जन्म. चौदा सरून पंधरावं चालू. ओट्यावरून माणिकराव पाटलांनी पेपर खाली न करता दुजोरा दिला. माळवदाच्या कामाला आलेल्या गड्यांना त्या दिवशी गूळ वाटला होता, तो त्यांनीही खाल्ला होता. आई म्हणाली, मग वहीत लिहा आणि सही करा, नियम सगळ्यांना सारखा. मारुतीरावांनी खिशातलं पेन काढून सही केली. त्यांची सही सुरेख होती. पाटलांनी खाली साक्ष म्हणून सही केली. जिजाचं मुंडकं बंद झालं. उठता उठता मारुतीरावांनी मशीनकडे पाहून विचारलं, "परवाना हाय ना हिचा?" परवाना नव्हता. तालुक्याला अर्ज करावा लागतो हे दिलीपला माहीत होतं आणि तो रोज उद्या जाईन म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी मी मारुतीरावांच्या घरी चटणीसाठी कारळ मागायच्या निमित्ताने गेले. सोप्यातल्या तुळईवर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, घातल्याचं साल कोरलेलं होतं. वजाबाकी करून पाहिली. चौदा पूर्ण, पंधरावं चालू. घरी येऊन वहीत त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. त्या वयात मला ही खूण करण्याची हौस होती, याहून जास्त हेतू नव्हता.

पुढे संक्रांतीच्या सुमारास नामांतराचा निर्णय झाला आणि काही दिवस एसटी बंद राहिली. पेपर आला नाही, माणिकराव ओट्यावर नुसतेच बसून राहिले. मशीन चालूच होती. माझी परीक्षा आली आणि गेली. ऊस संपला तशा टोळ्या परतायला लागल्या. जिजाचे आईवडीलही आले. चैत्र संपत आला होता. आमच्या माळवदावर आई आणि गल्लीतल्या चार बायका कुरडया घालत होत्या. मी गव्हाचा चीक ढवळत होते आणि माझ्या मनगटापर्यंत चीक लागला होता. जिजा जिना चढून आली, माझ्याशेजारी बसली आणि हळू विचारलं, "मंगलताय, ती वही हाय का आजून?"

मी हो म्हटलं. कशाला हवी, असं विचारलं. तिचं लग्न ठरत होतं, असं तिने सांगितलं. देवगाव फाट्याकडचं स्थळ होतं. मुलगा बावीसचा, ऊसतोडीला जाणारा. फडावर नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम एकट्या माणसाला घेत नाही, कोयता मोजून घेतो. मुलाला दसऱ्याच्या आत बायको हवी होती. बोलणी मारुतीरावांनी केली होती, थोरला भाऊ म्हणून घरात शब्द त्यांचाच. येत्या गुरुवारी सुपारी फुटणार होती. "काका त्यायला सांगायलेत, अठरा पुरी हायती म्हनून," जिजा म्हणाली. "आन कागदाचं इचारलं तर म्हनले, कागदाचं काय, ते गुरुजी कमीच लिवतेत." मग ती कुरडयांच्या ओळीकडे बघत म्हणाली, "मला दहावी करायचीय. आईला इचारलं, ती गप बसती."

संध्याकाळी जेवताना मी हे सांगितलं. धपाटे होते, दही होतं, कोणी लवकर उठलं नाही. दिलीपला पुढचं सगळं लगेच दिसलं. वही बाहेर काढली की वही कशाची हे निघणार, मग मशीन, मग परवाना. मारुतीराव तो विषय सोडणार नाहीत, त्यांनी तेव्हाच विचारून ठेवलं होतं. तो चिडला होता, आणि त्याचं चिडणं खोटं नव्हतं. ती मशीन त्याने भंगारातून उभी केली होती. "मशीन गेली तर मी काय करू, कापूस येचू?" त्याने आईला विचारलं. "दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नात आपन का पडायलोत?" आबा म्हणाले की तो म्हणतो त्यात चूक नाही. आईने ते मान्य केलं. मग तिने माझ्याकडे वही मागितली, मारुतीरावांच्या सहीचं पान उघडून दिलीपच्या ताटापाशी ठेवलं आणि म्हणाली, "हे लिवून घेतलं तवा आपन पडलोतच की. मुंडकं बगाया ल्हान म्हनून सही घेतली मी. आता तेच लेकरू नांदाया मोठं झालं, तर मी ही सही कुठं ठिवू?" दिलीपने पान वाचलं नाही. त्याला ते पाठ होतं. मग त्याने विचारलं की परवान्यासाठी उद्या तालुक्याला जाऊन आलो तर? आई म्हणाली, गुरुवारच्या आत होणार नाही. ते खरं होतं.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास आई, मी आणि माणिकराव पाटील मारुतीरावांच्या घरी गेलो. पाटलांना आईने आदल्या दिवशी वही दाखवली होती. त्यांची स्वतःची सही पाहून ते म्हणाले होते, "लय बेजार करता बुवा तुमी," आणि यायला कबूल झाले होते. सोप्यात सतरंजी अंथरलेली होती. मुलाचे वडील, मुलाचा मामा, मारुतीराव आणि त्यांच्या मागे जिजाचे वडील. ताटात सुपारी, हळदीकुंकू, नारळ. आतून सुशीला परतल्याचा वास येत होता. चुरमुऱ्यांना लसणाची फोडणी बसली की तो वास गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. जिजा आत होती. मी तिला पाहिलं नाही.

बोलायला सुरुवात पाटलांनी केली. पोलीस पाटील म्हणून त्यांना मुलीचं वय विचारणं भाग होतं, असं ते म्हणाले. मारुतीरावांनी ठरलेलं उत्तर दिलं. अठरा पुरी. शाळेच्या कागदावर सोळा आहे, पण तो कागद सगळ्यांना माहीत आहे, गावात कोणाचा जन्म एक जूनचा नाही? मुलाचे वडील हसले. त्यांच्या स्वतःच्या मुलाचाही तोच असल्याचं त्यांनी सांगितलं. क्षणभर सोप्यात सगळे हसले, पाटीलसुद्धा.

आईने पिशवीतून वही काढून पाटलांच्या हातात दिली. पाटलांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. नाव. कागदावरचं वय सोळा. सांगितलेलं वय चौदा पूर्ण, पंधरावं चालू; माळवद घातलं ते साल, पोळ्याचा तिसरा दिवस. कोणी सांगितलं: चुलते. सही. खाली साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव वाचताना त्यांचा आवाज थोडा उतरला. मग त्यांनी मान वर करून डोक्यावरची तुळई पाहिली आणि तिच्यावरचं सालही वाचलं.

मारुतीराव शांत होते. ते म्हणाले, "ते खेळाचं होतं. पोरीला तिथनं हालवाया बोललो. त्या बोलन्याला काय धरायलात?"

"भाऊजी, मंग खोटं कवाचं?" आईने विचारलं. "तवाचं का आजचं?"

आतल्या दारात जिजाची आई चंद्रभागाबाई येऊन उभी राहिली होती. फडावरून येऊन तिला आठ दिवस झाले होते. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे अजून होते. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि तुळईकडे न बघता बोलली.

"माळवदाला गडी चढले होते. मला वर कळा आन खाली त्यायच्या भाकरी. पोळ्याचा तिसरा दिस. मी जल्म दिला, मला म्हाईत न्हाई तर कुनाला म्हाईत?" मग ती दिराकडे न पाहता म्हणाली, "मला तेराव्या वर्साला आनली ह्या घरी. कोयत्याला अर्धी म्हनून नेली. हिला दहावी करू द्या."

जिजाचे वडील सबंध वेळ सतरंजीची किनार चाचपत होते. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली आणि भावाला म्हणाले, "दादा, ऱ्हाऊ द्या." मुलाच्या वडिलांनी मामाकडे पाहिलं. ते उठले. भांडण नको होतं त्यांना, तसं त्यांनी सांगितलं. "आमाला जोडी पायजे, पाव्हनं, मामला नगं." पाटलांनी त्यांना सुशीला खाऊन जायला सांगितलं. ते थांबले नाहीत. मामाने मात्र बशी उभ्याने संपवली.

ते गल्लीच्या वळणापर्यंत जाईतो मारुतीराव थांबले. मग त्यांनी पाटलांना विचारलं की आता एवढं कायद्यानं चाललंय तर मशीनच्या परवान्याचंही वाचाल का. पाटील आईकडे बघायला लागले. आईने पिशवीतून घडी केलेला दुसरा कागद काढून पाटलांपुढे धरला. तिने तो सकाळी भाकरी करायच्या आधी लिहिला होता, मी तिच्याशेजारी उभी होते. परवाना नसल्याने व्हिडिओ गेमची मशीन आजपासून बंद केली आहे. खाली तिची सही, आणि तिच्याखाली दिलीपची. दिलीपने सही केव्हा केली ते मला माहीत नाही. पाटलांनी कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. त्यांनी त्यावर पुढे कोणतीही कारवाई केली नाही. मारुतीरावांनी आम्हाला चहा विचारला. आईने घेतला.

मशीन दिलीपने पावसाळ्याआधी एका जत्रेवाल्याला दिली आणि स्टँडजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. ते अजून आहे. माझ्याशी तो दोन महिने कामापुरतं बोलला, आईशी नेहमीसारखा. मारुतीराव आणि आमच्या घरात ताकाचं जाणंयेणं वर्षभर बंद होतं. वर्ष उलटल्यावरच्या दिवाळीत त्यांच्या घरून फराळाचं ताट आलं, आईने ते रिकामं परत पाठवलं नाही. मी औरंगाबादला शिकायला गेले. त्या दसऱ्याला जिजाचे आईवडील फडावर गेले तेव्हा जिजा आमच्या घरी राहिली, माझ्या कॉटवर झोपली आणि माझी दहावीची पुस्तकं वापरली. त्यांत बीजगणिताचं पुस्तक नव्हतं, ते दिलीपने आणून दिलं.

मार्चमध्ये ती परीक्षेला बसली. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा मी सुटीत गावी होते आणि तिच्या आणि तिच्या आईच्या सोबत शाळेत गेले. ती पास होती. मराठीत एकाहत्तर, बीजगणितात पस्तीस. गुणपत्रिका द्यायच्या खिडकीपाशी घरचं मोठं माणूस लागत होतं. चंद्रभागाबाई पुढे झाली, शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून तिने कागदावर उठवला, हात पदराला पुसला आणि गुणपत्रिका घेतली.